२६ जानेवारी १९५० : दोन शपथविधी



सत्तेवर बसणारा पुरुष लोकांना कोणते वचन देतो, यावरून त्या राज्याचे खरे स्वरूप ओळखावे. आपल्या भोकर परिसराने २६ जानेवारी १९५० रोजी अशी दोन वचने दिली गेलेली पाहिली.

पहिले वचन दिल्लीत दिले गेले. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या वास्तूतील दरबार हॉलमध्ये सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा केली. लगेच सहा मिनिटांनी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांच्या समक्ष राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. ३१ तोफांची सलामी झाली. घटना समितीने त्यांची बिनविरोध निवड दोनच दिवसांपूर्वी, २४ जानेवारीस केली होती.

दुसरे वचन आमच्या दृष्टीने अधिक बोलके होय. भोकर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. १९११ पासून गादीवर असलेले निजाम मीर उस्मान अली खान यांचे फर्मान हाच येथील कायदा असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने त्यांनी भारताची राज्यघटना मान्य केली आणि २६ जानेवारीस राजप्रमुखपदाची शपथ घेतली. ज्यांचा शब्द कायदा होता, तेच कायद्याला बांधले गेले!

राष्ट्रपतींच्या शपथेत तीन गोष्टी आहेत : पदाचे कर्तव्य निष्ठेने पार पाडणे, राज्यघटनेचे व कायद्याचे रक्षण करणे आणि जनतेच्या सेवेस व कल्याणास वाहून घेणे. राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची. घटनेचा भंग केल्यास महाभियोगाची तरतूद आहे. राजप्रमुखपद तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी रद्दच झाले; त्याला वारस उरला नाही. मधल्या काळात, १९५१-५२ च्या निवडणुकीत, येथील शेतकरी, मजूर आणि स्त्रिया यांनी प्रथमच प्रौढ मताधिकार बजावला.

पिढीजात वतने व मानपान यांची सवय आपल्या समाजास फार जुनी आहे. ज्ञातिसंस्थेचे पद घराण्याने मिळते की सभासदांच्या विश्वासाने, हा प्रश्न म्हणूनच लहान नाही. दरवर्षी हिशेब सभेपुढे ठेवणे आणि मुदत संपताच जागा मोकळी करणे, हाही त्या शपथेचाच आपल्या अंगणातील अर्थ होय. तरुणांनी तो ध्यानी धरावा, एवढीच विनंती.