अस्वलं मोजली, बेडूक तोलले

जेम्स औट्रम हा इंग्रज लष्करी अधिकारी १८२५ साली भिल्लांची पलटण उभारायला खानदेशात आला. पुढच्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी केलेल्या शिकारीचा हिशेब त्याच्या चरित्रात आहे: २३५ वाघ, २५ अस्वलं, १२ रानरेडे. आजचा नंदुरबार तेव्हा याच खानदेशाचा डोंगराळ कोपरा होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

त्या हिशेबात बेडूक अर्थातच नाही.

शास्त्राच्या वहीत मात्र अस्वल आणि बेडूक दोघं थोड्याच वर्षांच्या अंतराने आले. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ याने अस्वलाची लांब नखं पाहून त्याला अमेरिकेतल्या, झाडाला लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या गोतात घातलं. चूक लवकरच सुधारली, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्ग सस्तन, गण मांसभक्षी. खाणं मात्र मुंग्या, वाळवी, मध आणि मोहाची फुलं. वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. १८०२ मध्ये फ्रान्सच्या दोदँने भारतातल्या मोठ्या बेडकाला शास्त्रीय नाव दिलं आणि त्यात चक्क वाघ आणला: 'टायगरिना'. वर्ग उभयचर, गण बिनशेपटीचा.

अस्वलाला तोरणमाळ-अक्राणीकडच्या कपारी आणि मोहाचं रान लागतं. बेडकाला नवापूरकडच्या भातखाचरातलं पाणी पुरतं. उन्हाळाभर तो मातीत गाडून घेऊन पडतो. पावसाळा लागला की नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात.

बेडकाचा हिशेब लागला तो टनांत. १९८० नंतरच्या काही वर्षांत भारतातून वर्षाला चार हजार टनांच्या आसपास बेडकांच्या तंगड्या परदेशी ताटांत जात. पिकावरची कीड खाणारा गडीच असा निघून चालल्याची ओरड झाली. १९८५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइटीस' कराराचं नियंत्रण आलं आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली.

आज जागतिक तांबड्या यादीत हा बेडूक 'किमान चिंता' या रकान्यात आहे, तर अस्वल 'असुरक्षित' ठरलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. बेडकी एका पावसाळ्यात हजारो अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. अस्वलीण एका वेतात बहुधा एक-दोनच पिल्लं देते आणि गुहेबाहेर पडल्यावर कित्येक महिने त्यांना पाठीवर घेऊन हिंडते.