धावण्यात मित्रांशी चढाओढ: उत्साह टिकवा, दुखापत टाळा

शुगर किंवा ब्लड प्रेशर वाढले की आम्ही डॉक्टर चालायला, धावायला सांगतो. पहिले पंधरा दिवस बहुतेक जण नेमाने जातात. मग शिफ्ट बदलते, पाऊस लागतो, घरी पाहुणे येतात आणि बूट कोपऱ्यात पडून राहतात. निगडीच्या दुर्गा टेकडीवर वर्षानुवर्षे येणारे लोक पाहिलेत, तर ते सहसा एकटे नसतात. त्यांची कोणीतरी वाट पाहत असते आणि आपसात थोडी चढाओढही असते. ही चढाओढ उपयोगी आहे, पण ती कशात लावायची हे आधी ठरवायला हवे.

चढाओढीचा खरेच फायदा होतो का?

होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ७९० विद्यार्थ्यांवर ११ आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना व्यायामवर्गातील हजेरीवरून आपला क्रमांक दिसत होता, ते इतरांपेक्षा खूप जास्त वेळा आले. फक्त एकमेकांना प्रोत्साहन देणाऱ्या गटात तसा फायदा दिसला नाही. लक्षात घ्या, तिथे स्पर्धा हजेरीची होती, वेगाची नव्हती.

२०१९ च्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या सुमारे ६०० नोकरदारांची रोजची पावले मोजली. २४ आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर पुढचे तीन महिने वाढलेली पावले टिकली ती फक्त स्पर्धेच्या गटात.

२०१७ मध्ये सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मित्र जास्त धावला की आपणही जास्त धावतो, असे त्यात दिसले. विशेष म्हणजे, कमी धावणाऱ्या मित्राचा परिणाम जास्त धावणाऱ्यावर होतो. म्हणून ग्रुपमधल्या नवख्याला ओझे समजू नका.

स्पर्धा कशात लावावी?

- हजेरीत: ३० मिनिटे धावलात किंवा भरभर चाललात की १ गुण. आठवड्याला जास्तीत जास्त ४ गुण. त्यामुळे सातही दिवस धावून कोणाला पुढे जाता येत नाही आणि शरीराला विश्रांती मिळते.
- स्वतःच्या सुधारणेत: ५ किमीला तुम्हाला ४० मिनिटे लागतात आणि मित्राला ३०. मग तुम्ही ६ वाजता निघा, त्याने ६ वाजून १० मिनिटांनी निघावे. दोघे शेवटाला जवळजवळ एकत्र पोहोचता आणि चुरस खरी होते.
- आजारपणाच्या रजेत: नोकरीत रजा असते तशी इथेही ठेवा. ताप, जुलाब किंवा दुखापत असेल तर गुण कापायचे नाहीत.

वयात, वजनात किंवा सरावात मोठा फरक असेल तर वेगाची तुलना करू नका.

शिफ्टमध्ये काम करत असाल तर

चाकण, भोसरीच्या कंपन्यांत आठवड्याला शिफ्ट फिरते. नाइट शिफ्टच्या आठवड्यात ४ ऐवजी २ गुण पुरे समजा. सकाळी बसमधून उतरून थेट धावायला जाऊ नका. आधी झोप घ्या, संध्याकाळी धावा. चाकण-तळेगावसारख्या कंटेनरच्या रस्त्यावर धावण्यापेक्षा मैदान, ट्रॅक किंवा टेकडी बरी. रस्त्यावर धावायचेच असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा. अंधारात चमकणारे जॅकेट घाला.

चढाओढ कधी नडते?

दवाखान्यात हे चित्र नेहमी दिसते. नडगी दुखत असते, पण मोबाइलवरच्या यादीत मित्र पुढे गेलेला असतो. पेशंट वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहतो. काही आठवड्यांनी पाय टेकवत नाही आणि हाडाला बारीक तडा गेल्याचे कळते. असा तडा सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. मग धावणे दीड-दोन महिने बंद, कधी त्याहून जास्त.

हे टाळण्यासाठी:

- एका दिवसाचे अंतर गेल्या महिन्यातील सर्वांत लांब धावेपेक्षा साधारण १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका. ५ किमी धावत असाल तर पुढची मजल ५.५ किमी.
- वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. दुखणे झाकले जाते. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांनी किडनीला इजा होऊ शकते.
- मित्राने नाव नोंदवले म्हणून लगेच हाफ मॅरेथॉनला उतरू नका. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये २१ किमी अंतर आणि यवतेश्वर घाटाची चढण असते. नवख्याला त्यासाठी अनेक महिन्यांची तयारी लागते.
- बहुतेक दिवस धावताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा.

आधी तपासणी कोणी करावी?

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी, घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झालेल्यांनी, तसेच चाळिशीनंतर प्रथमच धावू लागणाऱ्यांनी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर धावताना शुगर एकदम उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि सोबत्याला तसे सांगून ठेवा.

ताबडतोब थांबा

छातीत दाब किंवा दुखणे, हात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत अनियमित धडधड जाणवली तर तिथेच थांबा. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. सोबत्याला असे झाले तर त्याला एकटे सोडू नका.

हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, लंगडत चालावे लागत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणे थांबवून दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात कशी कराल?

आजच एका मित्राला किंवा मैत्रिणीला फोन करा. चार आठवड्यांच्या हजेरीची पैज लावा. हरणाऱ्याने चहा-पोहे द्यायचे. चार आठवड्यांनी दोघेही धावत असाल आणि कोणाचे काही दुखत नसेल, तर पैज दोघांनीही जिंकली असे समजा आणि पुढच्या चार आठवड्यांची लावा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या आजाराबद्दल आणि औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.