ब्रायटन

ब्रायटन : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील इतिहासप्रसिद्ध सागरी विश्रामस्थान. हे लंडनच्या दक्षिणेस सु. ८० किमी. अंतरावर, ईस्ट ससेक्स परगण्यात इंग्लिश खाडीवर वसले आहे. १९९७ मध्ये शेजारच्या होव्ह नगराशी त्याचे प्रशासकीय एकीकरण झाले व पुढे या जोडनगरास शहराचा दर्जा मिळाला. राजाश्रयाने नावारूपास आलेले हे गाव सामान्य जनांचे कसे झाले आणि ज्या भारताच्या कल्पनेवरून येथील राजवाडा सजला, त्या भारतातील माणसांना येथे कोणते स्थान मिळाले, या दोन दृष्टींनी त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

मुळात हे ‘ब्राइटहेल्मस्टन’ नावाचे कोळ्यांचे गाव होते. १५१४ मध्ये फ्रेंचांनी ते जाळले. १७०३ व १७०५ च्या वादळांत किनाऱ्यालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि गावास अवकळा आली. समुद्राच्या पाण्यात स्नान करणे व ते औषध म्हणून पिणे हा ग्रंथिविकारांवरील उपाय होय, असे लूइस येथील वैद्य रिचर्ड रसेल याने १७५० मध्ये एका लॅटिन प्रबंधात प्रतिपादिले. १७५३ मध्ये तो स्वतःच येथे येऊन राहिला. त्यामागोमाग धनिक रुग्णांची रीघ लागली. चाकांवरील लाकडी खोल्या पाण्यात ओढून नेत व तेथे मार्था गन (१७२६–१८१५) हिच्यासारख्या धिप्पाड स्थानिक स्त्रिया स्नानार्थींना लाटांत बुचकळून काढीत. कोळी आपली जाळी जेथे वाळत घालीत, ती स्टाइन नावाची मोकळी जागा हळूहळू प्रतिष्ठितांच्या सायंकालीन फेरफटक्याचे ठिकाण बनली. गावाची भरभराट झाली. पण तिची किंमत गावच्या मूळ रहिवाशांनी मोजली.

१७८३ मध्ये युवराज जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज) येथे प्रथम आला. त्याच्यासाठी हेन्‍री हॉलंड याने १७८७ मध्ये स्टाइनलगत एक प्रासाद उभारला. १८१५–२२ या काळात जॉन नॅश याने त्याचा कायापालट करून त्याला ‘रॉयल पॅव्हिलियन’चे आजचे रूप दिले. बाहेरून घुमट, मिनार व जाळीकाम अशी भारतीय धाटणी आणि आतून चिनी पद्धतीची सजावट, असे त्याचे स्वरूप आहे. नॅशने भारत पाहिला नव्हता. टॉमस व विल्यम डॅन्येल यांच्या भारतविषयक चित्रसंग्रहासारखी साधनेच तत्कालीन इंग्रज वास्तुशिल्पज्ञांसमोर होती. घुमटांखालील सांगाडा मात्र त्या काळी नव्याने वापरात येत असलेल्या ओतीव लोखंडाचा आहे.

याच काळात एक खराखुरा भारतीयही ब्रायटनमध्ये नावारूपास आला. पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद (१७५९–१८५१) १८१४ च्या सुमारास येथे आला व त्याने बाष्पस्नान आणि अंगमर्दन यांचे स्नानगृह चालविले. ‘चंपी’शी नाते असलेला ‘शांपू’ हा शब्द त्याच्यामुळे इंग्लंडमध्ये रूढ होण्यास मदत झाली. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याच्या सेवेचा लाभ घेतला.

१८४१ मध्ये लंडनशी लोहमार्ग जोडला गेला आणि स्वस्त सहलगाड्यांनी कामकरी वर्गही समुद्रावर येऊ लागला. १८०१ मध्ये सु. सात हजार असलेली लोकसंख्या १८५१ पर्यंत सु. ६५ हजारांवर गेली. हा गजबजाट राणी व्हिक्टोरियाला मानवला नाही. १८४५ नंतर ती येथे राहण्यास आली नाही. १८५० मध्ये नगराने हा राजवाडा ५३,००० पौंडांस विकत घेतला. अशा रीतीने राजाचे खाजगी विलासस्थान नागरिकांच्या मालकीचे झाले. फोल्कची विद्युत् रेल्वे (१८८३) व पॅलेस धक्का (१८९९) ही या लोकाभिमुख कालखंडाची आजही चालू असलेली स्मारके होत. १८६६ चा वेस्ट धक्का १९७५ मध्ये बंद झाला व २००३ मधील आगींनंतर त्याचा केवळ लोखंडी सांगाडा उरला.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, फ्रान्समधील रणभूमीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी या राजवाड्याचे रुग्णालय करण्यात आले. धर्म व जात पाहून निरनिराळी स्वयंपाकघरे व पाण्याची वेगळी व्यवस्था ठेवण्यात आली. सम्राटाने आपला प्रासाद सैनिकांसाठी खुला केला, असा प्रचार झाला. वस्तुतः ती वास्तू नगराची होती. सोयी उत्तम असल्या, तरी शहरात मोकळेपणी फिरण्यावर सैनिकांना निर्बंध होते; स्थानिक लोकांशी, विशेषतः स्त्रियांशी, त्यांचा संबंध येऊ नये अशी अधिकाऱ्यांची दक्षता असे. भारतीय पायदळ फ्रान्समधून हलविल्यावर १९१६ च्या प्रारंभी हे रुग्णालय बंद झाले.

ब्रायटनमध्ये मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरील टेकड्यांवर करण्यात आले. मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंग येथे झाले. दहनस्थळी संगमरवरी छत्री उभारण्यात आली. तिची रचना मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ ई. सी. हेन्‍रिक्स यांची असून १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. त्याच वर्षी राजवाड्याच्या दक्षिणेस भारतीयांच्या वतीने भेट मिळालेले प्रवेशद्वारही उभे राहिले. राजवाडा व धक्का पाहून परतणारे बहुतेक प्रवासी छत्रीपर्यंत जात नाहीत. तेथे पायीच जावे लागते. तिच्यावर मृतांची नावे नव्हती. ती कोरलेला शिलालेख २०१० मध्ये, म्हणजे सु. ९५ वर्षांनंतर, तिच्याजवळ बसविण्यात आला.