भंडारा जिल्ह्यातील वनसंरक्षण

मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या धानपट्ट्यातील गावांचा जंगलाशी संबंध पूर्वापार दुहेरी होता. मध्य प्रांताच्या स्थापनेनंतर (१८६१) झालेल्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी मिळाली व शिवारातील रानही त्यांच्याकडे गेले. सरकारी जंगल १८७८ च्या वन अधिनियमाखाली राखीव ठरले. तेथे जाळरेषा, चराईचे परवाने व ठरावीक तोड अशी शिस्त होती. मालगुजारी रानावर मालकाच्या मर्जीखेरीज फारसे बंधन नव्हते. मात्र रयतेला सरपण, कुंपणाच्या काट्या, अवजारांचे लाकूड व चराई याच रानातून मिळे. या वहिवाटीला निस्तार म्हणतात.

मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशाचा १९५० चा अधिनियम ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला व ही रानेही शासनाकडे आली. पण संरक्षणाची चाहूल हेच तोडीचे निमित्त ठरले. हक्क जाणार हे उमगताच अनेक मालकांनी साग व इतर इमारती लाकूड घाईने विकले, दीर्घ मुदतीचे ठेकेही दिले. जुन्या मध्य प्रदेशातील अशा एका ठेक्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये फेटाळला. तोवर पडलेली झाडे अर्थातच परत आली नाहीत. शासनाच्या हाती पुष्कळ ठिकाणी उरले ते खुरटे रान. महसुली दप्तरात त्याची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी झाली.

अभयारण्यांची गोष्ट निराळी आहे. नागझिरा (१९७०) व नवेगाव (१९७५) ही पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील, १९९९ पासून गोंदियातील क्षेत्रे. करडीला जवळचे कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले व त्याच वर्षी या सर्वांचा व्याघ्र प्रकल्प झाला. कायम पहारा असलेल्या या भागांत वृक्षतोडीला आळा बसला. त्याची किंमत मोहफुले व तेंदूपाने वेचणाऱ्या कुटुंबांना मोजावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. गावाकडे रखवाली सोपविण्याचा मार्ग २००६ च्या वनहक्क अधिनियमाने खुला केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला.

वन (संवर्धन) अधिनियम, १९८० याने वनजमिनीच्या वनेतर वापरासाठी केंद्राची पूर्वसंमती आवश्यक केली. त्याने जमिनीचे रूपांतर रोखले जाते. कुऱ्हाड, वणवा व गुरे यांना आवरण्यास वनरक्षकच लागतो. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल वनच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. अशा जमिनींवर दरम्यान शाळा, घरे व कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राची मंजुरी मागण्याची वाट न्यायालयाने राज्यास मोकळी ठेवली.