पेरू (भोपाळच्या परसातील)

परसात नासपती लावावी म्हटले, तर तिला फुलण्याआधी दीर्घ थंडी लागते. ती भोपाळच्या पठारावर मिळत नाही, म्हणून बाजारातली नासपती पहाडी मुलखातून येते. त्यामुळे शहरातल्या अरेरा कॉलनीतल्या बंगल्यांच्या किंवा भेल कारखान्याच्या क्वार्टर्सच्या मागच्या अंगणात शोभतो तो पेरूच. माळव्याकडून आलेली मंडळी त्याला जाम म्हणतात. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीतही हे झाड तगते. लावायचेच तर ‘अलाहाबाद सफेदा’ किंवा ‘सरदार’ लावावा. ‘सरदार’ म्हणजेच ‘लखनौ-४९’. नाव लखनौचे असले तरी त्याची निवड १९२७ च्या सुमारास पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत झाली.

पेरूला फूल नव्या फुटीवर येते, त्यामुळे कोणता बहार घ्यायचा हे कात्रीवर ठरते. आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेल्या फुलांची, फळे ऐन पावसाळ्यात तयार होतात. ती पाणचट लागतात, आणि वरून धडधाकट दिसणारे फळ कापावे तर आत फळमाशीच्या अळ्या वळवळत असतात. घरच्या झाडावर हा बहार धरूच नये. मे महिन्यात चालू हंगामाची वाढ निम्म्यावर छाटली की कळ्या-फळे जातात, पावसाबरोबर नवी फूट येते आणि फळ नोव्हेंबर ते जानेवारीत हाती लागते. थंड रात्रींनी त्याला गोडी चढते. सरळ वर धावणारे पानसोट बुडातून काढावेत; आडव्या फांद्या मात्र राखाव्यात. दख्खनेत उभ्या फांद्या वाकवून बांधण्याची जुनी रीत आहे, तीही फुटवे वाढवण्यासाठीच.

गडद हिरवा रंग जाऊन फळावर फिकट पोपटी झाक आली की तोडणी करावी. झाडावर पिवळे होईपर्यंत थांबल्यास ते पोपटांचे आणि वटवाघळांचे. फळ ओढू नये. देठ आणि एखादे पान ठेवून कात्रीने कापावे, उंचावरचे झेल्याने उतरवावे. एकाच झाडाची फळे एकदम तयार होत नाहीत, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फेरी हवी.

पेरूला आंब्यासारखी अढी लागत नाही. घरात तो चार-पाच दिवसांत मऊ होतो. ८ ते १० अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवडे टिकतो, पण त्याहून बऱ्याच थंड कप्प्यात साल काळवंडते. जास्तीच्या फळांची जेली करावी. त्यासाठी पूर्ण पिकलेल्यांपेक्षा पाडाला लागलेली, किंचित आंबट फळे घ्यावीत, कारण त्यांत पेक्टिन भरपूर असते.