जुनी मशीद आणि इस्राएल मोहल्ला

अबू धाबीच्या सादियात बेटावर फेब्रुवारी २०२३ मध्ये मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशी तीन प्रार्थनामंदिरे एकाच आवारात उघडली. त्यांतील सिनेगॉगला मोशे बेन मायमोन यांचे नाव आहे. अरबांच्या भूमीवर हे घडले म्हणून जगभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होय. अमिरातीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस तर त्याचा विशेष आनंद वाटावा. परंतु असा शेजार आपल्या समाजाला नवा नाही. पुढच्या पिढीस हे कळावे, म्हणून मुंबईच्या इस्राएल मोहल्ल्याची थोडी हकीकत येथे देत आहे.

अठराव्या शतकात आपले पूर्वज कोकणातील गावे सोडून मुंबईस येऊ लागले. कोणी सुतारकाम धरले, कोणी गवंडीकाम, तर पुष्कळ जण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. अशा पलटणीतले सामुएल एझेकिएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत कैद झाले. परंपरा सांगते की, हे कैदी 'बेने इस्राएल' आहेत हे ऐकताच टिपूच्या आईने, कुराणात ज्यांचे नाव येते तेच हे लोक, म्हणून त्यांच्यासाठी रदबदली केली. जीव वाचला तर देवाचे मंदिर बांधीन, हा नवस दिवेकरांनी १७९६ मध्ये फेडला. मांडवीत उभे राहिलेले 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे मुंबईतील पहिले सिनेगॉग. त्याची इमारत १८६० मध्ये नव्याने बांधली गेली. जवळच्या रस्त्यास सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले ते दिवेकरांवरूनच.

आपल्या वडीलधाऱ्यांनी मात्र या मंदिरास कधी सिनेगॉग म्हटले नाही. त्यांच्या तोंडी ती 'मशीद' होती. १८४० च्या सुमारास टणटणपुऱ्यात 'शाआरे रासोन' उभे राहिले, तेव्हा ती 'नवी मशीद' झाली आणि पहिली 'जुनी मशीद'. जवळच्या रेल्वे स्टेशनाचे मस्जिद हे नाव आपल्याच जुन्या मशिदीवरून पडले, असे पुष्कळ लोक सांगतात.

मोहल्ल्याच्या भोवती बोहरी, खोजे, मेमण आणि कोकणी मुसलमान यांची वस्ती होती. पलीकडे हिंदू व्यापाऱ्यांच्या पेढ्या. आपल्या लोकांनी शब्बाथ पाळला, दारफाळणीच्या सणाला पांढरी वस्त्रे नेसून उपास केला, नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला. त्याचबरोबर मराठी भाषाही जिवापाड जपली. १८४६ मध्ये हग्गादा मराठीत छापली गेली. १८८० पासून आपल्या लोकांनी शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तने करण्यास आरंभ केला. हाईम सामुएल केहीमकरांनी १८७५ मध्ये काढलेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. शेजाऱ्यांपासून शब्द घेतले, चालीरीती घेतल्या, पण धर्म सोडला नाही आणि कोणी सोडावयासही लावला नाही.

पुढे कुटुंबे भायखळा, माझगाव, आग्रीपाडा येथे पांगली आणि १९४८ नंतर बहुतेक इस्राएलास गेली. जुनी मशीद मात्र आजही उभी आहे. तिच्या आसपास आपली घरे आता थोडीच उरली आहेत.

इमारतीची काळजी पैशाने घेता येते. शब्दाची मात्र बोलूनच घ्यावी लागते. आपली मुले आता 'सिनेगॉग' किंवा 'बेत क्नेसेत' म्हणतात, यात वावगे काही नाही. पण आजी 'मशीद' म्हणाली तर तिला कोणी दुरुस्त करू नये. त्या एका शब्दात दोनशेहून अधिक वर्षांचा निर्भय शेजार साठविलेला आहे. जगात यहुदी फार थोड्या ठिकाणी असे निर्धास्त नांदले. मुंबईस जाल तेव्हा मुलांना मस्जिद स्टेशनावर उतरवा, सॅम्युएल स्ट्रीटवरून चालवा, आणि ही हकीकत त्यांना मराठीतच सांगा.