थेट ध्वनिमुद्रणाची साधनचिकित्सा : न्यूपोर्ट १९५६ मधील एक सॅक्सोफोन-वादन

प्रस्तावना

वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अधिक प्रमाण मानले आणि मराठी इतिहासलेखनात साधनांच्या अस्सलपणाचा प्रश्न कायमचा महत्त्वाचा ठरला. विसाव्या शतकातील संगीताचा इतिहास लिहिताना हाच प्रश्न ध्वनिमुद्रणांना विचारावा लागतो. जॅझ संगीताच्या बाबतीत तर त्यावाचून गत्यंतर नाही. या संगीतातील उत्स्फूर्त वादन लिहून ठेवलेले नसते. ते मुद्रित झाले नाही तर त्याचा मागमूसही उरत नाही. त्यातही श्रोत्यांसमोर झालेल्या वादनाचे मुद्रण, म्हणजे थेट ध्वनिमुद्रण, हे सर्वांत विश्वसनीय साधन समजले जाते. हा समज कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार प्रस्तुत लेखात ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस यांच्या एका वादनाच्या आधारे केला आहे.

७ जुलै १९५६ ची रात्र

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे १९५४ पासून जॅझ महोत्सव भरू लागला. १९५६ च्या महोत्सवात एलिंग्टन यांचा वाद्यवृंद मंचावर आला तेव्हा त्यांची लोकप्रियता ओसरली होती. मोठ्या वाद्यवृंदांचा काळच सरला होता. त्या रात्री त्यांनी महोत्सवासाठी खास रचलेला सूट सादर केला आणि मग १९३७ मधील एक जुनी रचना काढली : ‘डिमिन्युएन्डो अँड क्रेसेन्डो इन ब्लू’. तिचे दोन भाग आहेत. त्या दोहोंना जोडणारा दुवा गोन्साल्व्हिस यांनी वाजवावा, अशी योजना होती. हा दुवा ते त्याआधीही काही वर्षे वाजवीत असत. परंतु त्या रात्री तो संपेचना. बारा मात्राखंडांच्या ब्लूजची, आपल्या परिभाषेत सांगायचे तर, सलग सत्तावीस आवर्तने त्यांनी घेतली, म्हणजे ३२४ मात्राखंड. साथीला मुख्यतः सॅम वुडयार्ड यांचे ड्रम आणि जिमी वुड यांचा बास होता. श्रोत्यांतील एक स्त्री उठून नाचू लागली. मंचालगत बसलेले ज्येष्ठ ड्रमवादक जो जोन्स हातातील गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ठेका देऊ लागले. गर्दी अनावर होईल या भीतीने संयोजक जॉर्ज वाइन कार्यक्रम आवरता घेऊ पाहत होते. एलिंग्टन यांनी मात्र जॉनी हॉजेस यांना पुढे करून वातावरण निवळवले.

येथे तंत्राचा मुद्दा लक्षात घेणे अवश्य आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. १९३७ मध्ये हीच रचना दोन बाजूंवर तोडून मुद्रित करावी लागली होती. एकट्या गोन्साल्व्हिस यांचा दुवाच सुमारे सहा मिनिटांचा. दीर्घ वादनाची तबकडी १९४८ मध्ये आली नसती, तर ही रात्र केवळ ऐकीव आख्यायिका होऊन राहिली असती.

तबकडी आणि फीत

कोलंबिया कंपनीने ‘एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट’ ही तबकडी त्याच वर्षी प्रसिद्ध केली आणि ती अतोनात खपली. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकले. आपला जन्म न्यूपोर्टला झाला, असे ते पुढे म्हणत. जॅझच्या इतिहासात ही तबकडी दीर्घकाळ त्या रात्रीची साक्ष म्हणूनच वापरली गेली.

वस्तुस्थिती वेगळी होती. सूटचे वादन पुरेशा तालमीअभावी मनासारखे उतरले नव्हते. त्यामुळे दोनच दिवसांनी, ९ जुलैला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत वाद्यवृंदाला पुन्हा बसवून बराच भाग नव्याने मुद्रित करण्यात आला आणि निर्माते जॉर्ज अवाकियन यांनी त्यावर टाळ्यांचा गजर चढवला. गोन्साल्व्हिस यांचे वादन मात्र त्या रात्रीचेच होते. पण मंचावर दोन संस्थांचे मायक्रोफोन होते, एक कोलंबियाचा आणि दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचा. गोन्साल्व्हिस नेमके नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभे राहिले. परिणामी तबकडीवर त्यांचा सॅक्सोफोन दूरवरून, काहीसा दबलेला ऐकू येतो. म्हणजे जे खणखणीत ऐकू येत होते त्यातील बरेच त्या रात्रीचे नव्हते, आणि जे त्या रात्रीचे होते ते पुसट होते. पुसटपणा हाच अस्सलपणाचा पुरावा ठरावा, असे उदाहरण कागदपत्रांच्या अभ्यासकालाही क्वचितच आढळेल.

नभोवाणीची फीत पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. १९९९ मध्ये फिल शाप यांनी दोन्ही फितींची गती जुळवून संपूर्ण कार्यक्रम प्रसिद्ध केला. आता सॅक्सोफोन समोर आला आहे. कानाला लावून ऐकले की वुडयार्ड यांचा ठेका, सहवादकांची ओरड आणि आवर्तनागणिक चढत जाणारा श्रोत्यांचा गलबला वेगवेगळा ओळखता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा गलबला हटवून केवळ सुरावटीचे विश्लेषण करणे गैर आहे. गोन्साल्व्हिस यांची अनेक वाक्ये स्वतंत्रपणे पाहता साधीच आहेत. त्यांची लांबी आणि पुनरुक्ती गर्दीच्या प्रतिसादातून ठरते आहे.

उलट प्रकारचे उदाहरण डीन बेनेडेट्टी यांचे आहे. चार्ली पार्कर यांच्या वेडापायी त्यांनी १९४७-४८ मध्ये लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथील क्लबांत मुद्रणे केली. पण तबकड्या व फीत वाचवण्यासाठी पार्कर यांचे वादन संपताच ते बहुतेक वेळा यंत्र बंद करीत. १९९० मध्ये हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा पार्कर विपुल मिळाले. सहवादकांनी त्यांना काय उत्तर दिले, हे मात्र त्यात बहुतांशी नाही. संग्राहकाची आवड हीच येथे साधनाची मर्यादा झाली आहे.

एका रात्रीचा भार

गोन्साल्व्हिस यांचे घराणे मूळचे केप व्हर्दे बेटांवरचे. पोर्तुगीज अमलामुळे हे आडनाव गोव्याच्या वाचकालाही परके वाटणार नाही. १९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने आखलेल्या दौऱ्यात ते एलिंग्टन यांच्यासमवेत भारतातही येऊन गेले. न्यूपोर्टनंतर मात्र श्रोते त्यांच्याकडे त्याच सत्तावीस आवर्तनांची मागणी करीत राहिले. वस्तुतः त्यांचा पिंड संथ, श्वासमिश्रित स्वराचा होता. १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘फार ईस्ट सूट’मधील ‘माउंट हॅरिसा’ या रचनेत तो स्वर स्वच्छ ऐकू येतो. तेथे गर्दी नाही आणि टाळ्याही नाहीत. मे १९७४ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एलिंग्टनही गेले.